एए मीटिंग की मुक्तांगण?

पुण्यात दारू सोडण्यासाठी ग्रुप शोधायला लागलं की ही दोन नावं हमखास येतात, आणि लोक ती एकाच मापाने मोजतात, तिथेच घोळ होतो.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायचा ग्रुप. फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. मीटिंगची खोली बहुतेक वेळा शाळेची नाहीतर चर्चची, आडनाव सांगायची गरज नाही, पहिल्या दिवशी नुसतं ऐकत बसलात तरी कोणी खोदून विचारत नाही. शेवटी पैशांसाठी पिशवी फिरते, वाटलं तर टाका. खरी मजा स्पॉन्सरची, म्हणजे आधी सोडलेला एक जुना मेंबर, ज्याला रात्री तलफ आली की फोन करता येतो. एएच्या दारू सोडायच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांमध्ये देवाचं नाव येतं त्याने काहीजण बिचकतात, पण 'तुम्हाला समजेल तसा देव' असं असल्याने नास्तिकही टिकतात.

मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं. तिथे भरती होऊन राहायचं, डॉक्टर, समुपदेशक सगळं आणि नंतर फॉलोअप. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट्स येऊ शकतात, जिवावर बेततं, म्हणून हात थरथरत असतील तर आधी डॉक्टरच, मीटिंग नंतर.

घरच्यांचं बघाल तर एएच्या जोडीला अल-अनॉन हा घरच्यांचा ग्रुप आहे, मुक्तांगणमध्ये पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी गट. नोकरी सांभाळून करायचं असेल तर मी एएच म्हणेन, आणि एक ग्रुप नाही पटला तर दुसऱ्या एरियातला बघा, माणसं बदलली की वातावरण पार बदलतं.