हिरवा आकडा आणि कापलेली तारीख

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका डिझायनर मुलीने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. "ताई, हे लोक वेबसाइटचं टेस्टिंग करून देतायत. रिझल्ट चांगले दिसतायत, काम देऊ का?" चित्र उघडलं आणि पोटात गोळा आला. हाच स्क्रीनशॉट मी माझ्या क्लायंटला पाठवला होता, स्वतःच्या नावाने. वरची पट्टी तशीच कापलेली, आणि कापताना राहून गेलेल्या तारखेच्या आकड्यांच्या फक्त खालच्या कडा दिसतायत. म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

मी वेबसाइट डिझाइन करते. ए/बी टेस्टिंग, म्हणजे काही व्हिजिटरना जुनं पान आणि काहींना बदललेलं पान दाखवून कोणतं चांगलं चालतं ते मोजणं, मला नीट येत नव्हतं, म्हणून एका क्लायंटच्या कामातला तेवढा भाग याच लोकांना बाहेर दिला. दरमहा ठरावीक रक्कम, शिवाय प्रत्येक जिंकलेल्या टेस्टमागे वेगळे पैसे, असं ठरलं. टेस्ट जिंकली की नाही हे सांगणारे तेच आणि त्याचे पैसे घेणारेही तेच, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

रिझल्ट मेलवर यायचे आणि कायम चित्राच्या स्वरूपात. ओरिजिनल (जुनं पान), त्याखाली व्हेरिएशन (बदललेलं पान), हिरव्या रंगात +31% आणि शेजारी '95% खात्री'. मी ते रिपोर्टमध्ये चिकटवायचे, वर दोन ओळी लिहायचे आणि टीमला, क्लायंटला पाठवून द्यायचे. डॅशबोर्डची, म्हणजे टेस्टिंगच्या टूलमध्ये सगळे आकडे दिसतात त्या पानाची, लिंक मागितली की उत्तर यायचं, "त्या अकाउंटवर दुसऱ्या कंपन्यांचा डेटा आहे, सुरक्षेमुळे देता येत नाही." मला ते पटलं. एका प्रोजेक्टपुरती, नुसती बघण्याची परवानगी बहुतेक टूल्समध्ये देता येते, हे मला माहीत असायला हवं होतं.

क्लायंटकडच्या मार्केटिंग बघणाऱ्या बाईंनी एका मीटिंगमध्ये सरळ विचारलं, "तीन टेस्ट जिंकल्या, तिन्ही बदल लाइव्ह केले, मग ऑर्डर आहेत तिथेच कशा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी जुने मेल चाळले तेव्हा कळलं की टूलचं अकाउंट क्लायंटच्याच कंपनीच्या नावावर होतं. म्हणजे दुसऱ्यांच्या डेटाची गोष्ट साफ खोटी. पासवर्ड बदलून आम्ही दोघी आत शिरलो.

आत 14 टेस्ट होत्या. आम्हाला दाखवल्या होत्या 3.

+31% वाली टेस्ट चार दिवस चालली होती. हिस्टरीत ती थांबवल्याची वेळ होती शुक्रवारी रात्री 11:40, आणि मला 'जिंकलो'चा मेल आला होता 11:49 ला. शनिवार-रविवारचे व्हिजिटर त्यात आलेच नव्हते. हा प्रकार जरा समजून घ्या, कारण यात एकही आकडा खोटा लिहावा लागत नाही. दोन पानांत काहीच फरक नसला तरी सुरुवातीला आलेख खाली-वर होत राहतो. '95% खात्री', म्हणजेच चुकीची 5% ची मर्यादा ठेवून ठरलेल्या दिवशी एकदाच पाहिलं, तर नसलेला फरक दिसण्याची शक्यता 5% असते. मध्येमध्ये पाहत राहिलं आणि हिरवं दिसताच टेस्ट बंद केली, तर पाच वेळा पाहण्यात ती 14% च्या आसपास जाते आणि दहा वेळा पाहण्यात 19% च्या. औषधांच्या चाचण्यांसाठी हे गणित 1969 सालीच मांडून झालेलं आहे. आमचे लोक तर दिवसातून कितीदा पाहत होते कोण जाणे.

दुसऱ्या टेस्टमध्ये 20 उद्दिष्टं मोजली होती. ऑर्डर, कार्ट, नोंदणी, कशातच फरक नव्हता. वाढले होते ते एका बॅनरवरचे क्लिक, आणि स्क्रीनशॉट नेमका त्याच ओळीचा होता. याच 5% च्या मर्यादेने 20 स्वतंत्र गोष्टी मोजल्या तर त्यातली एखादी निव्वळ योगायोगाने 'जिंकण्याची' शक्यता सुमारे 64% असते.

तिसरीत व्हिजिटर निम्मे-निम्मे वाटले जायला हवे होते. प्रत्यक्षात होते 5,210 आणि 4,650. एवढी तफावत नशिबाने लाखात एकदाही पडत नाही. नवं पान रीडायरेक्ट होऊन, म्हणजे आधी जुन्या पत्त्यावर जाऊन मग तिथून वळवलं जाऊन, जरा उशिरा उघडायचं. ज्यांना थांबायचा कंटाळा यायचा ते मोजणीत येण्याआधीच निघून जायचे आणि मागे राहायचे ते खरेदी करायचीच म्हणून आलेले. मग खरेदी करणाऱ्यांची टक्केवारी चांगली दिसणारच. चित्रात फक्त टक्केवारी ठेवली होती, व्हिजिटरचा रकाना कापला होता.

जाब विचारल्यावर म्हणाले, "आकडे टूलचेच आहेत, आम्ही एकही बदललेला नाही." ते खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पैसे परत मिळाले नाहीत. करारात 'जिंकलेली टेस्ट' म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

क्लायंटला मी उरलेल्या 11 टेस्टची यादी पाठवली, हरलेल्या आणि काहीच न निघालेल्या सगळ्यांची, आणि त्या तीन टेस्टवर मी लावलेलं कमिशन परत केलं. माझ्या टीमसमोर ते तीन रिपोर्ट चुकीचे होते असं सांगताना आवाज कापत होता, कारण दोघांनी त्यांवर विसंबून पुढची पानं बनवली होती.

आता टेस्ट सुरू व्हायच्या आधीच क्लायंटला मेल जातो. मुख्य उद्दिष्ट कोणतं, व्हिजिटर किती लागतील, कोणत्या तारखेला थांबणार. किमान दोन पूर्ण आठवडे तर धरतेच. डॅशबोर्डची लिंक पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे असते. रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंचे व्हिजिटर, ऑर्डर आणि तारखा चित्राऐवजी मजकुरातच लिहिते. चित्र असलंच तर पूर्ण स्क्रीनचं. पहिली जिंकलेली म्हणून दाखवलेली टेस्ट अशीच 28 दिवस पुन्हा चालवली. फरक निघाला नाही. तसंच कळवलं.

त्या मुलीला मी एवढंच लिहिलं, "कामाचं बोलण्याआधी त्यांच्याकडे या टेस्टची लिंक माग, आणि एकूण किती टेस्ट केल्या ते विचार." संध्याकाळी तिचा मेसेज आला. सुरक्षेमुळे देता येत नाही म्हणाले.