व्हॅनमध्ये लिथियम बॅटरी टाकून दीड वर्ष झालं, खरं काय ते सांगतो

आमची व्हॅन म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, मागच्या सीटा काढून बेड, ओटा आणि छोटा फ्रीज बसवलाय. आधी घरच्या इन्व्हर्टरला असते तसली १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती चार्ज मावतो ते) ट्यूब्युलर, म्हणजे शिसं आणि ॲसिडवाली बॅटरी होती. दुकानदार म्हणाला, "काका, टाका डोळे झाकून." टाकली. मग काय, दर दोन महिन्यांनी बेडची फळी उचला, टॉर्च तोंडात धरा, सहा झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर ओता, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो (आणि आपण झोपणार वरच!) म्हणून पाईप काढून हवा बाहेर सोडा. पण ती मेली पाण्यापायी नाही. पावसाळाभर गाडी सोसायटीत अर्धवट चार्जवर उभी राहिली, प्लेटांवर सल्फेट धरलं, दसऱ्याला फ्रीज लावला तर अर्ध्या तासात लो व्होल्टेजची पीं पीं.

म्हणून गाडी पळते किती यापेक्षा उभी किती राहते ते बघून बॅटरी घ्या. एजीएमला (सीलबंद शिशाची बॅटरी) पाणी लागत नाही हे खरं, पण आत शिसंच, अर्धी रिकामी ठेवली की तिचीही तीच गत.

मग १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. पैसे दुप्पट गेले, बायको दोन दिवस बोलली नाही. पण वजन १२-१३ किलो, आधीची उचलायला दोन माणसं लागायची. आणि ट्यूब्युलर निम्म्याखाली नेऊ नये म्हणतात, म्हणजे १५० मधले ७५च आपले, इथे १०० मधले ८०-९० बिनधास्त वापरतो.

आता कटकटी. अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो) डायरेक्ट जोडू नका, ही इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी टू डीसी चार्जर हवाच, तो खर्च दुकानात कोणी आधी सांगत नाही. व्होल्टमीटर बघून काही कळत नाही, बराच वेळ १३.२ च्या आसपासच, म्हणून शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजून किती चार्ज उरला ते दाखवतो) लावला. आणि स्पितीत ऑक्टोबरच्या सकाळी टपावरच्या सोलर पॅनेलवर लख्ख ऊन, चार्जिंग मात्र शून्य! मी वायरी हलवून थकलो, नंतर कळलं की सेल शून्य डिग्रीखाली गेले की बीएमएस (बॅटरीतलंच तिला जपणारं सर्किट) चार्जिंग बंद करतं, बिघाड नव्हताच. साडेदहाला आपोआप सुरू झालं, तोवर दोन चहा झाले.

यंदा पावसाळ्याआधी ६० टक्क्यांवर आणून मेन स्विच बंद केला. चार महिन्यांनी ॲपवर ५२. बेडची फळी आता फक्त चपला ठेवायला उचलतो.