फळमाशीच्या ट्रान्सपोझॉनसाठी ‘मेगा’ : नागपुरातील एका प्राणिशास्त्र शिक्षकाचे परीक्षण

एम.एस्सी.च्या प्रकल्पांसाठी आम्ही ‘मेगा’ ही वंशवृक्ष काढणारी संगणक प्रणाली वापरतो. १९९३ मध्ये प्रथम आलेली ही प्रणाली आजही विनामूल्य मिळते आणि प्रोग्रॅमिंग न येणारा विद्यार्थीही तिच्यावर सहज काम करू लागतो. हे परीक्षण मात्र ड्रॉसोफिला या फळमाशीतील ट्रान्सपोझॉनपुरतेच, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांपुरतेच आहे. (आपल्याकडच्या संत्रा बागायतदारांना छळणारी फळमाशी निराळ्या कुळातली आहे.)

निरनिराळ्या प्रतींचे डीएनए-क्रम एकमेकांशी जुळवण्यासाठी क्लस्टल आणि मसल या दोन्ही पद्धती आतच उपलब्ध असल्याने वेगळी साधने शोधावी लागत नाहीत. खरी कसोटी त्यानंतर लागते. ड्रॉसोफिलातील ‘पी’ घटक या ट्रान्सपोझॉनची पूर्ण प्रत २९०७ बेस-जोड्यांची असते, तर ‘केपी’ या त्याच्या खुरटलेल्या प्रतीत मधला मोठा भाग गळून जेमतेम साडेअकराशे जोड्या उरतात. अशा प्रती एकत्र घेऊन ‘कम्प्लीट डिलीशन’ हा, एखाद्या प्रतीत नसलेली जागा सर्वच प्रतींतून वगळणारा पर्याय निवडला, तर पूर्ण प्रतींमधलाही तो सगळा मधला भाग गणनेतून वगळला जातो आणि वृक्ष तुटपुंज्या माहितीवर उभा राहतो. म्हणून प्रतींमधल्या फरकांवरून मोजलेल्या अंतरावर आधारित पद्धतींत ‘पेअरवाइज डिलीशन’ (दोन-दोन प्रतींची तुलना करताना त्या जोडीपुरत्याच रिकाम्या जागा वगळणे) घ्यावे. प्रणाली निवड विचारते, पण निवडीचा परिणाम विद्यार्थ्याला शिक्षकानेच समजावावा लागतो.

वृक्ष सुबक येतो, यात शंका नाही. त्यात ड्रॉसोफिलाच्या मेलॅनोगॅस्टर या जातीचा ‘पी’ घटक विलिस्टोनी या दुसऱ्या जातीच्या घटकाला अगदी खेटून बसतो, कारण १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत या दोन्ही प्रतींमध्ये केवळ एका बेसचा फरक आढळला होता. काही कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन जातींत इतके साम्य वारशाने टिकणे शक्य नाही; हा घटक विसाव्या शतकात विलिस्टोनीकडून आडव्या मार्गाने, म्हणजे वारशाने न येता एका जातीतून दुसरीत, मेलॅनोगॅस्टरमध्ये शिरला, आणि त्यापूर्वी निसर्गातून पकडून प्रयोगशाळेत वाढवलेल्या जुन्या वाणांत तो म्हणूनच सापडत नाही. जवळजवळ एकसारख्या प्रतींच्या फांद्यांवर बूटस्ट्रॅपचे (फांदी किती भरवशाची हे सांगणारे) आकडे खाली घसरतात, त्याने विद्यार्थी उगीच घाबरतात.

आडवे संक्रमण झाले की नाही, हे ठरवणे या प्रणालीचे काम नव्हे. त्यासाठी त्याच जातींच्या, वारशाने उतरणाऱ्या ‘एडीएच’ या नेहमीच्या जनुकाचा दुसरा वृक्ष ‘मेगा’तच काढून पहिल्याशेजारी ठेवावा. तेथे मेलॅनोगॅस्टर ही सिम्युलन्स या तिसऱ्या जातीच्या जवळ जाते आणि विलिस्टोनी दूर फेकली जाते; दोन वृक्षांमधली ही विसंगतीच आडव्या संक्रमणाकडे बोट दाखवते. एवढे काम साध्या लॅपटॉपवर होते. शेकडो प्रतींचा ‘मॅक्सिमम लाइकलिहूड’ या जास्त गणना लागणाऱ्या पद्धतीचा वृक्ष बूटस्ट्रॅपसह हवा असेल, तर मात्र अधिक ताकदीचा संगणक गाठावा.