बाळहिरडा घ्यावा तर भीमाशंकरच्या रस्त्यावर

लेकीचं बाळंतपण माझ्याकडे, म्हणून पुण्यातल्या एका दुकानातून बाळगुटीचा तयार डबा आणला होता. साडेतीनशे रुपये. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ ठीक. हिरडा मात्र किडलेला, सहाणेवर धरला तर भुगाच पडला. दुकानदारानं डबा परत घेतला नाही.

मे महिन्यात भीमाशंकरला निघालो. डिंभे धरण मागे टाकल्यावर रस्त्याकडेला एक आजी फडकं अंथरून बसल्या होत्या. करवंदं, मधाच्या दोन बाटल्या आणि पाटीत काळेभोर, सुरकुतलेले बाळहिरडे. पाव किलो साठ रुपये. मी सवयीनं पन्नास म्हटलं. आजी म्हणाल्या, "देते की. झाडावर चढायला मालकांना धाडा." आमचे हे गाडीत बसून हसत होते. साठ दिले.

आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातल्या महादेव कोळी घरांत हिरडा म्हणजे उन्हाळ्यातला हातखर्च. कोवळी फळं झोडून उतरवायची, उन्हात वाळवायची आणि वळवाच्या पावसापासून जपायची. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानं या पट्ट्यातली हिरड्याची कितीतरी झाडं पाडली. आजींची दोन गेली. नवं लावलं तरी फळ बघायला नातवंडंच असणार, म्हणाल्या.

माल पारखायचा कसा, हे त्यांनी न विचारता दाखवलं. एक हिरडा दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं फोडला. आत सगळा भरीव, काळपट तपकिरी, बीचा पत्ता नाही. "आठळी धरली की त्यो बाळहिरडा नव्हं." अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. इतका तुरट की जीभ टाळूला चिकटली, पण वर पाणी प्यायले तर पाणी गोड! त्यांच्याकडे खोकल्याला हा गालात धरून झोपतात आणि पोट बिघडलं तर चावून वर कोमट पाणी पितात. चूर्णबिर्ण काही नाही.

आता तक्रारी. आजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च गाठ मारून दिलं आणि मीही आठ दिवस तसंच ठेवलं. दहा-बारा नगांवर पांढरी बुरशी. ते फेकले, बाकीचे दोन दिवस गच्चीत वाळवले. कापडी पिशवी घेऊन जा. आणि मध घेऊ नका. माझी बाटली आठवड्यात फसफसली, झाकण उडून ओटाभर मध.

उरलेले हिरडे मंद आचेवर एरंडेलात परतले. टम्म फुगतात, तेव्हा उतरवायचे. गार झाल्यावर खलबत्त्यात सहज कुटले गेले.

बाळाच्या तोंडी मात्र त्यातला कणही गेला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, गुटीचं बोटसुद्धा नाही. मी दिवसभर फुगून बसले होते. आता ते चूर्ण आम्ही दोघं म्हातारी रात्री अर्धा चमचा घेतो. आख्खे चार यांनी खोकल्यासाठी शर्टाच्या खिशात ठेवलेत. परवा धुण्यात एक निघाला, पांढऱ्या शर्टाला काळा डाग, अजून गेलेला नाही.

हिरड्याला पाचपैकी साडेचार. मधाला शून्य.