फेल्टच्या फुलांचा संच: फुलं सुरेख होतात, गोंद मात्र आपल्या उन्हाचा नाही

आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी अमळनेरला माहेरी भाचीची हळद होती. घरभर माहेरवाशिणी, निंबाला बांधलेला झोका आणि पारा ४३-४४ वर. थोरल्या भाचीच्या हळदीला खऱ्या मोगऱ्याचे दागिने केले होते. सकाळी टपोऱ्या असलेल्या कळ्या फोटोच्या वेळेपर्यंत तपकिरी पडल्या. पोरीचा चेहरा उतरला होता, तो मला विसरता येत नाही. म्हणून यंदा फेल्ट या जाडसर, दाबून केलेल्या कापडाच्या फुलांचे दागिने स्वतः करायचे ठरवलं आणि जळगावला फुले मार्केटमधल्या एका दुकानातून तयार संच आणला, ४५० रुपयांना.

संचात वहीच्या पानाएवढे फेल्टचे २० तुकडे, लहान ग्लू गन (गोंदाची कांडी तापवून वितळवणारं हत्यार), गोंदाच्या कांड्या, मोत्याचे मणी, कानातल्याचे हूक आणि कागदी साचे आहेत. रंग मनासारखे निघाले. पिवळ्याच्याच तीन छटा आहेत, हळदीला त्याच लागतात.

पाकिटावर ‘लोकरीचं फेल्ट’ असं छापलंय, ते मात्र खरं नाही. मी एक कोपरा कापून चिमट्यात धरला आणि काडी लावली. लोकर असती तर केस जळाल्यासारखा वास आला असता आणि बोटांत चुरडली गेली असती अशी राख झाली असती. इथे तुकडा वितळून त्याचा कडक काळा मणी झाला, म्हणजे कृत्रिम धागा, बहुधा पॉलिएस्टर. अशा दागिन्यांना पॉलिएस्टर चालतं, उलट ते स्वस्त पडतं. पण मग पाकिटावर तसंच लिहायला हवं.

कामाला हे कापड फार सोपं आहे. फेल्ट विणलेलं नसतं, तंतू एकमेकांत गुंतवून दाबलेले असतात. त्यामुळे कापलं तरी काठाचे धागे सुटत नाहीत, दुमडून शिवायची गरज नाही. गुलाबासाठी वाटीएवढं गोल कापायचं, मग त्यातच बाहेरून आत नागमोडी चकली कापत जायचं आणि बाहेरच्या टोकापासून गुंडाळायचं. मधला गोल उरतो तो बुडाला बसतो. माझा जीव मात्र झेंडूवर जडला. अडीच सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी घ्या, उभी मधोमध दुमडा, दुमडलेल्या बाजूने बारीक बारीक चिरा द्या, पण दुसऱ्या काठापर्यंत जाऊ नका. मग घट्ट गुंडाळा. चिरांचे फासे वर येतात आणि झेंडू असा भरगच्च दिसतो की आईने हातात घेऊन आधी वास घेतला, मग विचारलं, ‘‘हाई काय शे वं माय?’’ (हे काय आहे गं बाई?) पट्ट्यांच्या दोन छटा एकावर एक ठेवून गुंडाळल्या तर आणखी छान. संचातले साचे झेंडूला पट्टी फार रुंद देतात, फूल पसरट होतं. ते बाजूला ठेवा.

आता गोंद. बिंदी, हार, बाजूबंद, कानातले सगळं चिकटवून डब्यात भरलं आणि निघालो. धरणगावला जेवायला थांबलो, बंद गाडी तासभर उन्हात उभी. अमळनेरला डबा उघडला तर हाराची अकरा फुलं सुटून तळाशी पडलेली, गोंद मऊ होऊन तार धरत होता. हा गोंद गरम करूनच वितळवायचा असतो, मग तापलेल्या गाडीत तो किती तग धरणार? संचासोबतच्या कागदावर त्याबद्दल एक अक्षर नाही, आणि हा संच विकला जातो तो आपल्याकडे, ऐन लग्नसराईत. मला राग आला तो याचाच.

रात्री वहिनी, मी आणि दोन मावश्या बसलो. दुहेरी दोरा घेऊन प्रत्येक फुलाच्या बुडातून आरपार चार टाके घातले, खाली फेल्टचा गोल लावून कडेने काजटाका मारला. पॉलिएस्टर घाम टिपत नाही, मानेला टोचतं, म्हणून हाराच्या मागे जुन्या मलमलीची पट्टी शिवली. साडेबाराला उठलो. दुसऱ्या दिवशी हळद लागली, पाणी उडालं, पोरी नाचल्या, एक फूल हललं नाही. वजन इतकं कमी की भाचीने कानातले संध्याकाळपर्यंत काढलेच नाहीत.

पाचपैकी तीन तारे. दोन कापले ते लोकरीच्या दाव्याला आणि गोंदाला. शिवणाची सवय असेल तर पूर्ण संच घेऊच नका, त्याच दुकानात फेल्टचे सुटे तुकडे मिळतात. एक मिलिमीटर जाडीचे मऊ तुकडे मागा, कडक फेल्ट गुंडाळताना मोडतं. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, सजावटीला मी तेच आणणार आहे, पांढरे आणि गर्द हिरवे, आणि सोबत जाड दोऱ्याचं रीळ.