बकेट-हार्नेस की स्पोर्ट सीट आणि गाडीचाच बेल्ट? नागपुरात राहून निवडताना

वळणात स्टॉक, म्हणजे गाडीची मूळ सीट अंग धरत नाही, हे ज्यांना कळून चुकलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यांच्यापुढे साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे फिक्स्ड-बॅक बकेट सीट (पाठ न हलणारी, उंच कडांची), सहा-पॉइंट हार्नेस (रेसिंगमधले, सहा ठिकाणी बांधलेले पट्टे) आणि मागे रोल बार (गाडीच्या आत बसवलेली लोखंडी नळ्यांची चौकट), असा पुरता संच. दुसरी म्हणजे पाठ मागेपुढे होणारी, रेकारोच्या स्पोर्टस्टरसारखी सीट आणि कंपनीने दिलेला थ्री-पॉइंट बेल्ट तसाच ठेवणं. स्पार्को, ओएमपी, ब्राइड या सीट बनवणाऱ्या कंपन्यांची मापं आणि वजनं कुठेही सापडतात, त्यात शिरत नाही.

माझ्याकडे ट्यून केलेली पोलो जीटी टीएसआय आहे. मामेभावाकडेही तीच गाडी, तशीच ट्यून केलेली, टायरही तेच. त्याने पहिली वाट धरली. मग तो कामासाठी पुण्याला गेला आणि त्याची गाडी उन्हाळाभर आमच्या अंगणात राहिली. ‘उभी ठेवू नको, चालवत राहा,’ अशी ताकीद होती, म्हणून रोज ऑफिसला तीच नेली. त्यानंतर मी माझ्या गाडीसाठी दुसरी वाट निवडली. यंत्र लावून काही मोजलेलं नाही. पाठ, मान आणि गुडघे यांनी जे सांगितलं तेवढंच इथे आहे.

आधी बकेटचं श्रेय बकेटला. आम्ही दोघं चेन्नईच्या रेस ट्रॅकला, मद्रास इंटरनॅशनल सर्किटला, जाऊन आलो आहोत. तिथे त्याची गाडी चालवल्यावर लक्षात आलं की एरवी मी उजवा गुडघा दाराला आणि डावा कन्सोलला रेटून स्वतःला सावरत असतो आणि उरलंसुरलं वजन स्टिअरिंगला लटकवतो. हार्नेस आवळला की हे सगळं थांबतं. हात फक्त वळवायला उरतात. मागचं टोक सुटायला लागलं की ते आधी कमरेला कळतं. माझ्या सीटमध्ये यातलं अर्धंअधिक मिळतं, पूर्ण नाही. तुमचं ट्रॅकवर नियमित जाणं असेल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही, बकेट घ्या.

अडचण भूगोलाची आहे. आपल्याकडून चेन्नई अकराशे किलोमीटरच्या आसपास, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किटही हजाराच्या वर. गाडी ट्रेलरवर टाकून नेणारे आपल्यात किती? बहुतेक जण चालवतच नेतात. 44 नंबर हायवेने दक्षिणेला निघालो तर बकेटमध्ये हिंगणघाटपर्यंत मजा असते, आदिलाबाद येता येता पाठ एक खाच मागे करावीशी वाटते आणि ती खाच नसते. कमरेच्या रुंदीप्रमाणे हे बदलेल, बारीक माणसाला कदाचित काहीच वाटणार नाही. समृद्धीवर ताशी 120च्या मर्यादेत तासन्‌तास सरळ जातानाही तेच. आणि आईला रामटेकला न्यायचं म्हटलं तर बकेटचे कडेचे उंच कठडे ओलांडून तिने बसायचं कसं? मामेभावाने बकेट फक्त ड्रायव्हरकडे लावली, म्हणून आई तेवढी वाचली. ती बकेट पाहून आमच्या मेकॅनिकने विचारलं होतं, ‘भाऊ, बसाल तं बरोबर, पन उतरता येईन काय तुमाले?’

उन्हाबद्दल थोडक्यात. मे 2013 मध्ये आपल्या शहराचा पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि 45च्या आसपास तर नेहमीचंच. फायबरग्लासच्या शेलमधून पाठीला वारा लागत नाही. हार्नेसचं बकल धातूचं, ते पोटाशी येतं. दुपारी काचेतून ऊन पडलेलं असेल तर आधी रुमाल टाकावा लागतो. उन्हाने पट्ट्याचा पॉलिएस्टरही हळूहळू कमजोर होतो. पण नुसत्या उन्हावरून मी निर्णय घेतला नसता. सीटवर चादर टाकायची सवय आपल्याला आहेच.

फिटिंगमध्ये मात्र दोन्ही वाटांत खरा फरक आहे, आणि तो दुकानदार सांगत नाही. स्पोर्ट सीटला गाडीच्या मॉडेलचा बेस फ्रेम लागतो, तो मूळ चार बोल्टांवर बसतो, आणि बेल्टचं बकल त्याच जागी यायला हवं. ते दोन बोटं मागेपुढे झालं तर कमरेचा पट्टा हाडाऐवजी पोटावर चढतो. एवढं पाहिलं की काम संपलं. पोलोच्या सीटमध्ये साइड एअरबॅग नाही, म्हणून मी सुटलो. तुमच्या गाडीत सहा एअरबॅग असतील तर बाजूची एअरबॅग बहुधा सीटच्या पाठीतच असते. सीट काढली की ती गेली, आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा कायमचा पेटला. रेझिस्टर लावून दिवा विझवून देणारे भेटतात. दिवा विझतो, एअरबॅग परत येत नाही. काढायचंच असेल तर आधी बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबा, मगच सीटखालच्या कनेक्टरला हात लावा.

हार्नेसचं काम याच्या कितीतरी पट. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या नियमांत प्रत्येक नव्या अँकरला (पट्टा गाडीला बांधायच्या जागेला) फ्लोअरखालून किमान 3 मिलिमीटर जाडीची आणि 40 चौरस सेंटिमीटरची प्लेट सांगितली आहे. नुसत्या पत्र्याला भोक पाडून वॉशर लावला तर अपघातात बोल्ट पत्रा फाडून वर येतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत अशी प्लेट कोणीही कापून देईल. प्रश्न भोक पाडायच्या जागेचा आहे, कारण त्याच फ्लोअरखालून ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप जातात. खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. ते मागच्या सीटच्या बुडाशी बांधले तर कोन तीव्र होतो आणि धडकेत सगळा जोर मणक्यावर खाली येतो. म्हणून मागे आडवी नळी हवी, म्हणजे रोल बार. रोल बार आला की मागची सीट गेलीच समजा, कारण मागे बसणाऱ्याच्या डोक्यासमोर लोखंड येतं. हेल्मेट नसेल तर पुढच्यालाही ते लोखंड काही मित्र नाही.

यातून मधली वाट काढणारे पुष्कळ आहेत: स्टॉक सीट तशीच ठेवायची आणि स्वस्तातला चार-पॉइंट हार्नेस मागच्या बेल्टच्या बोल्टांना अडकवायचा. ही वाट मी मोजतच नाही. चार-पॉइंटमध्ये खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा वर ओढला जातो आणि धडकेत माणूस त्याखालून पुढे घसरतो. हे थांबवायलाच मांड्यांमधले दोन पट्टे असतात. श्रॉथ या जर्मन कंपनीने एक खांदा मुद्दाम जास्त ताणला जाईल अशी रचना करून चार-पॉइंटमध्ये यावर उपाय काढला, पण बाजारात मिळणारा प्रत्येक चार-पॉइंट श्रॉथ नसतो.

आता जिथे माझा काटा झुकला ते. वर्धा रोडवर अजनीपासून विमानतळाकडे जाताना मधोमध मेट्रोचे खांब आहेत. वर फ्लायओव्हर, त्याच्यावर मेट्रो, 3.14 किलोमीटरच्या त्या दुमजली पुलाला गिनेसचं प्रमाणपत्रही मिळालंय. खाली चालवणाऱ्याच्या वाट्याला ते जाडजूड खांब. यू-टर्नसाठी दुभाजकाच्या फटीत गाडी आडवी केली की डावीकडून येणारी वाहनं खांबाआड जातात. एरवी आपण काय करतो? छाती स्टिअरिंगपर्यंत नेऊन, मान पुढे काढून खांबापलीकडे बघतो. इतकं सवयीचं की करतोय हेही कळत नाही. हार्नेस नीट आवळलेला असेल तर ते करताच येत नाही. खांदे पाठीला शिवल्यासारखे. त्यात बकेट स्टॉक सीटपेक्षा खाली बसते, म्हणून नजरही खाली. मग उरतं काय, तर गाडीचं नाकच पुढे काढायचं आणि बघायचं, म्हणजे ज्या बाइकवाल्याला पाहायचं आहे त्याच्याच रस्त्यात बॉनेट घुसवायचं. छत्रपती चौकाजवळ एका संध्याकाळी डावीकडून आलेल्या स्कूटीवरच्या बाईंनी ब्रेक मारून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यांचं अगदी बरोबर होतं. चूक ना त्यांची ना माझी, मला त्या दिसणंच शक्य नव्हतं. कामठी रोडलाही असेच खांब आहेत. ज्याला रोज या दोनपैकी एका रस्त्याने जायचं आहे त्याला ही अडचण सुटीच्या दिवसापुरती नाही, ती प्रत्येक यू-टर्नला आहे.

यावर ‘मग शहरात पट्टे थोडे सैल ठेवायचे’ असं सांगितलं जातं. सैल हार्नेस म्हणजे पट्टा पोटावर चढणार आणि धडकेत शरीर आधी पुढे जाऊन मग झटक्यात थांबणार. थ्री-पॉइंटच्या रीळला ढील द्यायचं आणि गरज पडताच अडकायचं कळतं, हार्नेसला कळत नाही. दुसरा सल्ला असा की बकेट ठेवा, पण शहरात मूळचा बेल्ट लावा. मामेभावाने मूळचा बेल्ट काढलेला नाही, तेव्हा तेही करून पाहिलं. बकेटच्या उंच कठड्यांवरून जाताना कमरेचा पट्टा हाडावर टेकत नाही, अधांतरी राहतो. बकल सीट आणि कन्सोल यांच्या सांदीत जातं, बोटांनी शोधावं लागतं. आणि सहा पट्टे अंगाखाली वळवळत असतात, त्यातला एखादा दारात अडकून बाहेर लोंबतो. माझ्या सीटच्या कडा एवढ्या उंच नाहीत, पट्टा हाडावर बसतो आणि खांबापलीकडे बघताही येतं.

मानेचंही बघा. हार्नेस धड घट्ट धरतो, मग धडकेत डोकं एकटंच पुढे जातं. म्हणूनच हान्स नावाची मानेची चौकट आली आणि फॉर्म्युला वनने 2003 पासून ती सक्तीची केली. ट्रॅकवर हेल्मेटबरोबर ती घालाल, घालायलाच हवी. धरमपेठेत दूध आणायला जाताना कोण घालणार?

कायद्याचं एवढंच: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रोल बार खिडकीतून लांबूनही दिसतो. स्पोर्ट सीटकडे कोणी वळून पाहिल्याचं मला आठवत नाही, पण म्हणून ती नियमात बसतेच असं मी म्हणणार नाही. थ्री-पॉइंट बेल्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत काढू नका. चौकातला पोलीस छातीवरची तिरपी काळी पट्टी शोधतो, ती दिसली नाही तर 194ब खाली हजार रुपये.

पैशात दोन्ही वाटा वाटतात तितक्या लांब नाहीत. चांगली स्पोर्ट सीट साध्या बकेटपेक्षा बरीच महाग, पण बकेटवर हार्नेस, रोल बार, प्लेटा आणि फॅब्रिकेशन चढवलं की आमच्या दोघांच्या बिलांत फार अंतर उरलं नाही. मामेभाऊ अजूनही त्याचीच सीट श्रेष्ठ मानतो, आणि चेन्नईच्या ट्रॅकपुरतं मी वाद घालत नाही. तिथे मी एक युक्ती करतो: सीट एक खाच मागे, बेल्टला झटका देऊन लॉक करायचा आणि ताण न सोडता सीट पुढे सरकवायची. कंबर बऱ्यापैकी जखडली जाते. हार्नेसची सर नाही, पण परतीच्या अकराशे किलोमीटरला पाठ टेकवता येते.

बकेटकडेच कल असेल तर हार्नेस सेकंड हँड घेऊ नका. पट्ट्यावरच्या लेबलवर एफआयएची मुदत छापलेली असते, आणि एकदा अपघात सोसलेला पट्टा बाहेरून ओळखू येत नाही. टाकाटा या जपानी कंपनीच्या नावाच्या हिरव्या हार्नेसपासून तर लांबच राहा. त्यांच्या नकला जगभर विकल्या जातात आणि मूळ कंपनी 2017 सालीच दिवाळखोरीत गेली. स्पोर्ट सीट घेणार असाल तर आधी तुमच्या मॉडेलचा बेस फ्रेम मिळतो का ते विचारा, सीटचे पैसे त्यानंतर द्या.