तिरळेपणा: चष्मा की ऑपरेशन?

लेक अडीच वर्षांची असताना ताटातला घास बघताना तिचा उजवा डोळा नाकाकडे सरकायचा. घरात लगेच दोन तट पडले. एक म्हणे, एवढ्याशा पोरीला चष्मा कशाला, एकदाचं ऑपरेशन करून मोकळे व्हा. दुसरा म्हणे, तिरळा डोळा भाग्याचा, राहू द्या. हे दुसरं मात्र अजिबात ऐकू नका, त्यात मुलाची नजर जाते.

चष्मा आणि ऑपरेशन यांतलं काय निवडायचं, हे डोळा कशामुळे वळतो त्यावर ठरतं. थेंब घालून तपासल्यावर लेकीला मोठा प्लस नंबर निघाला. असा डोळा स्पष्ट दिसावं म्हणून जोर लावतो आणि त्या जोरासरशी आत वळतो. पूर्ण नंबरचा चष्मा घातला की तो जोर लागत नाही आणि डोळे सरळ राहतात. काढला की पुन्हा वळतात, पण त्याने हबकू नका. फक्त चष्म्याने डोळे सरळ राहत असतील तर ऑपरेशन नकोच. ऑपरेशन केलं तरी नंबर तसाच राहतो आणि पुढे डोळा उलट बाहेर सरकण्याची भीती असते.

पहिल्या 6 महिन्यांतच आलेला, ठळक दिसणारा आतला तिरळेपणा चष्म्याने सहसा जात नाही. तिथे ऑपरेशनच, आणि शक्यतो 2 वर्षांच्या आत. चष्मा लावूनही बराच तिरळेपणा उरला, तर तेवढ्यापुरतं ऑपरेशन करतात. डोळा बाहेर काढत नाहीत. तो फिरवणाऱ्या 6 स्नायूंपैकी एखाद-दोन सैल किंवा घट्ट करतात. मुलांना पूर्ण भूल देतात आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, हे आधीच विचारून घ्या.

आळशी डोळ्याचं काम मात्र वेगळं. मेंदू तिरळ्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकत राहतो, म्हणून त्याची नजर वाढत नाही, आणि ऑपरेशनने ती येत नाही. त्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी. दोष मध्यम असेल तर रोज 2 तासही पुरतात. पट्टी नकोच म्हणणाऱ्या मुलाच्या चांगल्या डोळ्यात त्याला धूसर दिसावं म्हणून अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालतात, 3 ते 7 वर्षांच्या मुलांत तेही जवळपास तितकेच लागू पडतात. आमची पहिल्या दिवशी पट्टी ओरबाडून रडली. मग पोह्यांतले शेंगदाणे वेचून खाण्याचा खेळ काढला, तेव्हा बसली.

फोटोत डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर हा सगळा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.